प्रबंधात कोसळायचं ठरलं होतं

मुहूर्त नसलेल्या दिवशी पेणमधलं मंगल कार्यालय कुणालाही मिळतं. अगदी विद्यापीठाच्या नृत्यविभागालाही. एप्रिलमधला असा एक शनिवार मी पंचांगात शोधून काढला आणि कार्यालयाच्या व्यवस्थापकाला फोन केला. त्याने विचारलं, "कार्य कसलं आहे? मुंज?" मी म्हटलं, "प्रबंध." तो म्हणाला, "पण जेवणावळ असेल ना?"

माझी मुलगी तेव्हा नृत्यात एम. ए. करत होती. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण त्यांच्याकडे माझा पत्ता आहे. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिथे प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः एक नाच बसवायचा, तो लोकांसमोर करून दाखवायचा आणि त्या नाचाचा अर्थ सांगणारा जाडजूड प्रबंध लिहायचा अशी पद्धत आहे. बाहेरून आलेले परीक्षक दोन्ही बघतात आणि पदवी द्यायची की नाही ते ठरवतात. दरवर्षी हा कार्यक्रम विद्यापीठाच्याच सभागृहात होतो. त्या वर्षी गळतीच्या दुरुस्तीसाठी सभागृहाचं छत उघडून ठेवलं होतं. पण विद्यापीठात छत गळत नसतं, धोरण बदलत असतं. विभागप्रमुख बाईंनी जाहीर केलं की आता नृत्य लोकांच्या दारी जाईल. कोणत्या लोकांच्या, असा प्रश्न आला तेव्हा माझ्या मुलीने हात वर केला आणि पेणचं नाव सांगितलं. तिथे व्यवस्था कोण बघेल, असा पुढचा प्रश्न आला तेव्हा तिने हात खाली घेतलाच नाही.

म्हणजे मी. मी रोह्यात एका शाळेच्या कार्यालयात काम करते आणि जवळच वरशाला राहते. आमच्या घरात फ्रिजच्या दारावर देवांच्या तसबिरींपेक्षा याद्या जास्त आहेत, अशी तिच्या बाबांची तक्रार असते. ते नागोठण्याला कंपनीत आहेत. शिफ्ट संपवून आले की जेवतात, झोपतात आणि मध्येच कधी मोलाचं बोलतात. मुलीने नृत्याला प्रवेश घेतला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, "नाचायला दोन वर्षं शिकावं लागतं? आमच्यात हळदीला लोक न शिकताच नाचतात, थांबत नाहीत."

मुलीचा विषय होता मिठागरातल्या स्त्रियांच्या देहाचा थकवा. विषय तिला घरबसल्या मिळाला. धरमतरच्या खाडीकडून आमच्याकडे एक बाई सुकट घेऊन येते. माझ्याएवढीच असेल, तोंडाने माझ्याहून चलाख. मिठाच्या हंगामाआधी मिठागरातली चिखलाची जमीन पायांनी तुडवून घट्ट आणि सपाट करावी लागते, बायका कमरेला हात घालून एका ओळीत ती तुडवत पुढे सरकतात, हे तिने सुकट मोजता मोजता सांगितलं. मुलगी डिसेंबरात जाऊन ते बघून आली. परत आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते आणि बूट चिखलाने. "आई, त्यांच्या शरीरात केवढं शोषण साठलंय," ती म्हणाली. मी म्हटलं, "बूट बाहेर काढ."

फेब्रुवारीपासून दर रविवारी मी तिला गाडीने त्या गावात नेत होते. देवळापुढच्या मंडपात तालीम चाले. सुकटवाली आणि तिच्या आळीतल्या सहा जणी अशा सात बायका, शिवाय माझी मुलगी. पायांची चाल तिने बायकांचीच घेतली होती, त्यामुळे ती शिकवायला काही नव्हतं. शिकवायचं होतं ते तिचं स्वतःचं. ओळ हळूहळू मंद होणार, माना झुकणार, आणि शेवटी एकेक देह जमिनीवर कोसळणार. प्रबंधाचा सगळा डोलारा या कोसळण्यावर उभा होता. शेवटचं अख्खं प्रकरण त्याच्यावर होतं.

"आता एकेक करून पडायचं," मुलगी सांगे.

"कनाला?" सुकटवाली विचारी.

"थकून, मावशी."

"थकलो तं आमी बसतो. बांधावर बसून पान खातो. पडाचा कनाला?"

"हे प्रतीक आहे."

"मग पडू," ती उदारपणे म्हणे, आणि सात जणी पडत. पडण्याआधी सगळ्या खाली वाकून जागा हाताने झाडून घेत. दोघींना खांबाशेजारची जागाच हवी असे, म्हणजे उठताना धरायला बरं. एकदा पडल्या की तिथेच गप्पा सुरू होत आणि शोषण साठलेले ते देह हसून हसून हलत. विभागाला पाठवलेल्या व्हिडिओत या भागाचा आवाज बंद केला होता.

वेशभूषा चिखलाच्या रंगाची हवी होती. बाजारात तसा रंग मिळत नाही, कारण विकत घेणारी माणसं शहाणी असतात. मुलीने पांढरं कापड आणून माझ्या सर्वांत मोठ्या पातेल्यात चहाची पूड आणि हिरडा घालून उकळलं. कापड मळकं झालं, पातेलं त्याहून मळकं.

एवढं सगळं मी निमूटपणे केलं, कारण तिचं खूप काही अडकलं होतं. एका शाळेने तिला जूनपासून नृत्यशिक्षिका म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं. पदवी हातात असली तरच. परीक्षकांसमोर नाच झाला नाही तर ती अनुपस्थित धरली जाणार होती आणि पुढची संधी वर्षाने. तोवर शाळा काही तबला लावून बसणार नव्हती.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात विभागाने छापील निमंत्रणं पाठवली. त्यांतली काही बायकांच्या गावात वाटायची होती. तिच्या बाबांनी सुट्टीच्या दिवशी जाऊन ती सरपंच, शाळेचे मुख्याध्यापक आणि आणखी दोन-चार वजनदार घरांत पोचवली. नाचणाऱ्या बायकांसाठी मुलीने विभागाच्या धर्तीवर वेगळं सूचनापत्र काढलं: 'सर्व कलाकारांनी दुपारी दोन वाजता तयार राहावे. टेम्पो येईल. उशीर झाल्यास चालणार नाही.' कागद नेटका होता. ठळक अक्षरं जिथे हवीत तिथेच होती.

शनिवारी दुपारी मी आणि मुलगी कार्यालयात पोचलो तेव्हा स्टेजवर आदल्या लग्नातल्या वधूवरांच्या दोन मखमली खुर्च्या तशाच होत्या. मागे थर्मोकोलचे दोन मोर. मी कार्यालयाच्या माणसाला खुर्च्या उचलायला सांगत होते, तेवढ्यात एक विद्यार्थी धावत आला आणि म्हणाला, "राहू द्या, प्लीज. माझ्या कामात सत्तेचा संदर्भ आहे." मोरांचं काय, असं मी विचारलं. त्याने बराच विचार केला आणि मोरही ठेवायला सांगितले.

एकूण पाच विद्यार्थी होते. पहिलीचा नाच 'पोकळी' या विषयावर. ती जमिनीवर झोपायची आणि उठायची, पुन्हा झोपायची. दुसऱ्याचा पाण्यावर. तो एका बादलीतलं पाणी दुसऱ्या बादलीत ओतणार होता आणि मग दुसरीतलं पहिलीत. तिसरी माझी मुलगी. चौथा तो सत्तावाला. पाचवी स्वतःला साडीत गुंडाळून घेणार होती आणि सुटणार होती की नाही, हे तिने गुप्त ठेवलं होतं.

प्रेक्षक येऊ लागले. पेणमध्ये कार्यालयाला दिवे लागले की माणसं येतातच. परीक्षक आले. वयस्कर, बारीक, मोजकं बोलणारे गृहस्थ. संध्याकाळी त्यांना पुण्याला निघायचं होतं. टेम्पो मात्र आला नाही.

मुलीने सुकटवालीला फोन लावला. मी शेजारीच होते आणि ती बाई फोनवरही खाडीच्या पलीकडच्या माणसाशी बोलावं तसं बोलते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"मावशी, टेम्पो पोचला ना?"

"पोचला ना. दारात उभा हाय. डायवर जेवला पन आमच्याकडं."

"मग तुम्ही निघालात?"

"आमी घरा हाव."

"घरी? का?"

"आवतन कुठं हाय?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. आवतण म्हणजे घरी जाऊन, कुंकू लावून, हातावर अक्षता ठेवून केलेलं बोलावणं. ते तिला माहीत होतं. ते आज कुठून आलं, हे माहीत नव्हतं.

"पण मावशी, तुम्ही तर दोन महिने दर रविवारी… तुम्हीच नाचणार आहात ना?"

"ती शिकवनी होती. शिकवनीला आवतन लागत नाय. आज कार्य हाय ना? हॉलात हाय, पत्रिका छापली हाय. सरपंचाच्या घरा पत्रिका गेली, मास्तरच्या घरा गेली. आमाला कागद आला. हजर रावा, उशीर चालनार नाय. आमी काय कोर्टात हाव?"

"मी माफी मागते. आता या ना."

"राग नाय गो पोरी आमाला. पन बिगरआवतनाची बाई कार्याला गेली तं आळी काय बोलल? तूच सांग."

फोन ठेवल्यावर मुलगी मटकन वधूच्या खुर्चीत बसली. सत्तावाला विद्यार्थी लांबून बघत होता. त्याला बहुधा तो आकृतिबंध आवडला.

मी विभागप्रमुख बाईंकडे गेले आणि म्हटलं, "माझ्या मुलीचा नाच शेवटी घ्या."

"क्रम बदलता येणार नाही," त्या म्हणाल्या. "त्या क्रमाला अर्थ आहे. पोकळीनंतर पाणी, पाण्यानंतर देह."

"देह अजून धरमतरला आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे ते आणायला मी जाते आहे. तोवर पाणी पुरवून वापरा."

त्यांनी परीक्षकांकडे बघितलं. परीक्षकांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "मी शेवटचा नाच संपेपर्यंत आहे. त्यानंतर मात्र थांबता येणार नाही. आणि जे बघितलं नाही त्याला मी गुण देऊ शकत नाही." एवढं स्पष्ट वाक्य त्या विभागात मी पहिल्यांदाच ऐकलं.

मुलीला घेऊन निघाले आणि वडखळला दुकानासमोर गाडी लावली. तांदूळ, कुंकू, एक छोटी वाटी. तांदळाला कुंकू लावून मुलीच्या मांडीवर वाटी ठेवली आणि गाडी खाडीच्या रस्त्याला घातली. ती काळ्या, अंगाला चिकटलेल्या नाचाच्या कपड्यांत होती, वर माझी ओढणी. "आई, हा संस्कृतीचा प्रश्न आहे की माझ्या नियोजनाचा?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आधी थोरल्या काकींच्या घरी जायचं. क्रमाला अर्थ असतो."

थोरल्या काकी म्हणजे आळीतल्या सर्वांत वयस्कर, आणि नाचातल्याही. त्या ओटीवरच बसल्या होत्या, वाट बघत नसल्याचं नाटक करत. मी कुंकू लावलं, मुलीने अक्षता दिल्या आणि वाकून नमस्कार केला. काकींनी तिची हनुवटी वर केली.

"दुसऱ्यांना कुंकू लावाला आलीस, तुझं कपाल कुठं गेलं?"

त्यांनी आपल्याच बोटाने तिला ठळक टिळा लावला. मग म्हणाल्या, "बसा. चा घ्या."

"काकी, उशीर होतोय."

"आवतनाला आलेली मानसं चा न घेता जातात?"

आम्ही बसलो. मी बशीत ओतून चहा प्यायले, कारण तो तसा लवकर संपतो. दुसऱ्या घरी सरबत. तिसऱ्या घरी पुन्हा चहा. चौथ्या घरातली बाई मागच्या दारी होती. तिला मागच्या दारी आवतण करून चालत नाही, म्हणून ती पुढच्या दाराने येईस्तोवर थांबलो. पाचव्या घरी नवरा म्हणाला, "पत्रिका बघितली सरपंचाकडं. आमच्या हिचं नाव नाय त्यात." पत्रिकेवर 'सहभाग: स्थानिक महिला' एवढंच छापलं होतं. मुलीने मान खाली घातली. बायकोच त्याला म्हणाली, "नाव बारशाला घेतलं माझं, पुरे झालं. जरा बाजूला व्हा." सुकटवालीचं घर शेवटचं. तिने अक्षता घेतल्या, पदराला बांधल्या आणि म्हणाली, "आता कसं बरं वाटलं. तयारी करतो."

"तयारी तर झालीय ना मावशी? कपडे तिकडे ठेवलेत."

"तू गाडीत बस गो," ती म्हणाली.

मी गाडीत बसून विभागप्रमुखांना फोन लावला. "पाणी चालू आहे," त्या तुटकपणे म्हणाल्या. मागून प्रेक्षकांतल्या कुणाचा तरी आवाज आला, "बाबा, नळ बंद कर तो." त्या विद्यार्थ्याला मी मनातून आशीर्वाद दिला. एरवी पाणी वाया घालवणाऱ्या माणसाबद्दल मला असं कधी वाटलेलं नाही.

आळीतून सात जणी आल्या त्या बघण्यासारख्या होत्या. पोपटी, राणी, जांभळी, मोरपिशी. काठ रुंद, घड्या अजून मोडलेल्या नाहीत, म्हणजे पेटीतून आत्ताच निघालेली लुगडी. गळ्यात सोनं, अंबाड्यावर अबोलीचे गजरे. थोरल्या काकींनी डोळ्यांवर काळा चष्मा घातला होता, ऊन उतरल्यावरही. मागोमाग आळीतल्या आणखी बायका टेम्पोत चढल्या, कारण आपल्या माणसांचं कार्य. मुलगी त्या रंगांकडे बघत राहिली. चिखलाच्या रंगाचे सात पोशाख पेणला इस्त्री करून टांगलेले होते.

वडखळच्या नाक्यावर ट्रक आणि एसट्या आपापल्या जागी मुक्कामाला आल्यासारख्या उभ्या होत्या. मी फोनवर फोन करत होते. पाणी संपलं. सत्ता सुरू झाली. सत्ता दोन खुर्च्यांवर आळीपाळीने बसत होती. मग साडी सुरू झाली. आम्ही कार्यालयाच्या मागच्या दाराने आत शिरलो तेव्हा ती मुलगी साडीत पुरती गुरफटलेली होती आणि सुटत नव्हती. खरोखरच सुटत नव्हती, असं नंतर कळलं. निरी पायाखाली अडकली होती. तिच्यामुळे आम्हांला वेळ मिळाला. त्या पोरीचं भलं होवो.

मेकअपच्या खोलीत मुलीने पोशाख पुढे केले. कुणी हात पुढे केला नाही.

"मावशी, हा नाच मिठागरातल्या कामावर आहे. कामात तुम्ही असे कपडे घालता का?"

"कामाला लुगडं वर खोचून जातो, तुला म्हाईत हाय," सुकटवाली म्हणाली. "पन आज आमी कामाला नाय आलो. आवतनाला आलो. आवतनाला आलेली बाई मळकी कापडं नेसली तं बोलावनाऱ्याची लाज जाते. तुझीच जाईल."

"माझ्या प्रबंधात लिहिलंय."

"मग तू नेस."

थोरल्या काकींनी चष्मा न काढता एक पोशाख चिमटीत धरून हुंगला. "हिरडा घातलास काय?" त्यांनी विचारलं. "पोट साफ होईल कापडाचं." सगळ्या हसल्या. मुलगी हसली नाही. बाहेर टाळ्या पडल्या. साडीतली मुलगी सुटली असावी, किंवा तिला कुणीतरी सोडवलं असावं. आता हो म्हणायचं की नाही म्हणायचं, एवढाच वेळ उरला होता. तिने माझ्याकडे बघितलं. सल्ला द्यायची मला फार सवय आहे, पण त्या वेळी मला एकही सुचला नाही. तिने पोशाख खुंटीला परत लावले, स्वतःचा मात्र अंगात चढवला आणि म्हणाली, "चला."

स्टेजवर सात झगझगीत लुगडी आणि मधोमध एक चिखलाच्या रंगाची मुलगी, अशी ओळ उभी राहिली. कमरेला हात घालून त्यांनी तुडवायला सुरुवात केली. पाय एकदम पडत होते. लाकडी स्टेज दणदणत होतं आणि थर्मोकोलचे मोर हलत होते. मंद व्हायची वेळ आली तसा आळीतल्या बायकांनी खालून टाळ्यांचा ठेका धरला, आणि ठेका मिळाल्यावर मंद व्हायला या काही मूर्ख नव्हत्या. माना झुकल्या नाहीत. अंबाड्यावर गजरा असला की मान झुकवत नाहीत.

मग कोसळायची जागा आली. माझी मुलगी कोसळली. प्रबंधात लिहिल्याप्रमाणे, आधी गुडघे, मग खांदा, मग डोकं. ती पडून राहिली आणि बाकीच्या पडायची वाट बघू लागली. कुणी पडलं नाही. स्टेजवर आदल्या लग्नाच्या अक्षता, बादलीचं सांडलेलं पाणी आणि धूळ यांचा रेंदा झाला होता. तिथे पेटीतलं लुगडं कोण घालेल. ओळीने तिच्या जागेचं अंतर मिटवून घेतलं आणि तिच्याभोवती वळसा घालून तुडवणं चालू ठेवलं. एक फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्याला सुकटवालीने ओळ न सोडता वाकून एक हात खाली केला.

"उठ गो," ती म्हणाली. मला तिसऱ्या रांगेत ऐकू आलं. "कापडं मळतील."

कापडं आधीच मळकी होती, पण ते सांगत बसायला मुलीला वेळ नव्हता. तिने हात धरला, उठली, ओळीत शिरली. नाच संपला तो संपायचा ठरला होता तिथे नाही, तर काकींना दम लागला तिथे.

परीक्षकांनी तोंडी परीक्षा लगेच स्टेजवरच घेतली. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून ते आणि विभागप्रमुख बाई वधूवरांच्या खुर्च्यांवर बसले. मुलगी समोर उभी. मी पडदा सारखा करत होते. पडद्याला त्याची काही गरज नव्हती.

"प्रबंधात लिहिलंय की शेवटी सर्व देह कोसळतात," परीक्षक म्हणाले. "मला एकच कोसळलेला दिसला. तोही उठला."

विभागप्रमुख बाई पुढे झुकल्या. "मला वाटतं, तिने इथे नकाराची एक शक्यता…"

"तिला बोलू द्या."

मुलीला वाट आयती करून दिली होती. नकार म्हण, प्रतिकार म्हण, पदवी घे आणि घरी चल, असं मी पडद्याआडून मनात म्हणत होते.

"लुगडी नवी होती," मुलगी म्हणाली. "म्हणून त्या पडल्या नाहीत. मी ठरवलेलं नव्हतं."

"मग चूक कुठे झाली? नाचात की प्रबंधात?"

"प्रबंधात."

परीक्षकांनी कागद मिटले. नाच त्यांनी मान्य केला. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण नव्याने लिहून पंधरवड्यात पाठवायचं, तोवर निकाल राखून ठेवायचा, असं सांगितलं आणि पुण्याच्या वाटेला लागले. विभागप्रमुख बाईंनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं की नकार म्हणायची आयती संधी तिने घालवली. मला त्यांनी काही सांगितलं नाही. मी तेव्हा सत्तावाल्या विद्यार्थ्याकडून स्टेज पुसून घेत होते.

प्रकरण मान्य झालं, पदवी मिळाली आणि जूनमध्ये ती शाळेत रुजूही झाली. हे आत्ताच सांगून टाकते, कारण लोकांना ताटकळत ठेवणं मला जमत नाही. पण ते पंधरा दिवस सोपे नव्हते. वरशाला जेवणाच्या टेबलावर ती लॅपटॉप उघडून बसायची आणि 'देहाचा नकार' असं लिहून खोडायची. मग 'देहाचा उत्सव' लिहून तेही खोडायची. मी तिला मुद्द्यांची यादी करून देऊ केली. तिने नको म्हटलं. तिच्या बाबांनी एकदा शिफ्टवरून येऊन मागून वाचलं आणि म्हणाले, "लग्नातला फोटो चिखलात काढत नाहीत, एवढंच आहे ना हे?" आणि झोपायला गेले. ते वाक्य तिने लिहून ठेवलं, मग तेही खोडलं.

मुदत संपायच्या सुमारास सुकटवाली नेहमीसारखी पाटी घेऊन दारात आली. मुलीने तिला आत बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "मावशी, त्या दिवसाचं लिहिलंय. वाचून दाखवू?"

"दाखव."

तिने वाचलं. त्यात शोषण नव्हतं आणि उत्सवही नव्हता. कागद कसा गेला, बायका घरी कशा बसल्या, कोणत्या घरी चहा आणि कोणत्या घरी सरबत, कोणी कोणतं लुगडं नेसलं, हे ओळीने होतं. मला ते प्रबंधापेक्षा माझ्या एखाद्या यादीसारखं वाटलं, म्हणजे चांगलं. सुकटवाली सुकट निवडता निवडता ऐकत होती. तिने दोन ठिकाणी थांबवलं. थोरल्या काकींचं लुगडं जांभळं नव्हतं, वांगी रंगाचं होतं. आणि चौथ्या घरची बाई मागच्या दारी भांडी घासत नव्हती, मुद्दाम लपली होती.

वाचून झालं तेव्हा ती म्हणाली, "तू पडलेलीस ते नाय लिवलंस."

"ते माझं होतं मावशी. हे तुमच्याबद्दल आहे."

"आमच्याबद्दल हाय तं आमी काय बगितलं ते लिव. सात जनींनी बगितलं. पोर पडली, म्हनून उठवली." तिने पाटी जवळ ओढली. "ताई, पावशेर देऊ की जास्त?"

मी पावशेर म्हटलं. मुलगी लॅपटॉपकडे वळली होती आणि टाईप करत होती.